इंजिन गेलं कशानं?

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन गेलं की चार जाणकारांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडीबरोबर जन्मलेलं इंजिन आहे, काही झालं तरी तेच बांधा. दुसरा म्हणतो, कशाला एवढा खटाटोप, चालू स्थितीतलं दुसरं आणून बसवा आणि रस्त्यावर या. दोन्ही बाजूंनी बोलणारे गाडीवर मनापासून प्रेम करणारे असतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं. पण या सगळ्यातून गेल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. बांधायचं की बदलायचं हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं की हे इंजिन गेलं कशानं, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

माझी गाडी माझ्दा एमएक्स-५. पहिल्या पिढीतली, १.६ लिटरची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तोवर दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या, हलक्या आणि आवाक्यातल्या स्पोर्ट्‌स कारचा जमाना सरल्यात जमा होता. एमजीबी या तशाच ब्रिटिश गाडीचं उत्पादन १९८० मध्येच थांबलं होतं. अशा वेळी ही गाडी काढणं धाडसाचं होतं, आणि ते फळलं. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. पहिल्या पिढीतल्या या गाडीचं वजन एक टनाच्या आत आणि ताकद साधारण ११५ अश्वशक्ती. आजच्या साध्या घरगुती गाड्याही एवढी ताकद सहज देतात. पण चालवणाऱ्याला विचारा. वळणात शिरताना पुढच्या चाकांकडून हाताला जे कळतं, गिअरचा दांडा मनगटाच्या जराशा हालचालीत जसा खटकन बसतो, त्यापुढे अश्वशक्तीचा आकडा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मी ती घेतली तेव्हा इंजिन गेलेलं होतं, आणि ते माहीत असूनच घेतली. या गाड्या इंजिनामुळे सहसा मरत नाहीत. त्यांना गंज मारतो, विशेषतः दाराखालचे सिल, म्हणजे सांगाड्याच्या कडेच्या पोकळ तुळया, आतून सडतात. हिचे सिल शाबूत होते. इंजिन दुरुस्त करता येतं किंवा बदलता येतं. सडलेला सांगाडा उभा करणं फार कठीण.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवता येत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. या १.६ च्या इंजिनात व्हॉल्व्हच्या डोक्यावर हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑइलच्या दाबावर फट भरून काढणारे छोटे डबे, असतात. थंडपणी सुरू केलं, किंवा ऑइल जुनं झालेलं असलं, की ते टिकटिक करतात. हलका, पातळ, वरच्या अंगाचा आवाज. पुष्कळ लोक तो ऐकून घाबरतात, आणि तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. हिचा आवाज तसा नव्हता. तो खालून येत होता. जड, पोकळ ठोका, अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून सोडला की ठळक होणारा. स्पार्क प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. चौथ्या सिलिंडरची वायर काढली आणि ठोका एकदम मऊ पडला. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की पिस्टनवरचा दाब कमी होतो, म्हणून ढिलं झालेलं बेअरिंगही कमी आपटतं. पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं, आणि तेही चौथ्याचं. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा काटाही तेच सांगत होता. सुरुवातीच्या वर्षांतल्या एमएक्स-५ मध्ये हा काटा खरा दाब दाखवतो. पुढे तिथे नुसता दाब आहे की नाही एवढंच सांगणारा स्विच आला. इंजिन गरम झालं की हा काटा खाली लोळत होता.

इथेच बहुतेक जण निदान संपवतात. बेअरिंग गेलं, ठरलं, आता बांधा किंवा बदला.

मशीन शॉपमधले मिस्त्री वयानं आणि अनुभवानं पुष्कळ मोठे. त्यांनी ऑइल काढायला लावलं आणि ते प्रकाशात धरून पाहिलं. तळाशी दुधाळ, पिवळट थर होता. ते म्हणाले, "ताई, बेअरिंग हा आजार नाही. आजार वर कुठेतरी आहे, तो इथं येऊन दिसलाय. घाई करू नका."

मग आम्ही उलट्या दिशेनं निघालो. रेडिएटर पाहिला. या गाडीच्या मूळ रेडिएटरची वरची टाकी काळ्या प्लास्टिकची असते. वर्षानुवर्षं तापून-निवून तिचा रंग तपकिरी, मग हिरवट होत जातो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. हिची टाकी पार हिरवट झाली होती आणि शिवणीवर केसासारखी चीर होती. त्या चिरेतून पाणी गेलं, इंजिन तापलं. पाणी फारच कमी झालं की तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर पडतो आणि काटा विश्वासाचा राहत नाही, म्हणून चालवणाऱ्याला वेळेवर कळलं नसणार. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, बिडाचा. त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. वाजवीपेक्षा जास्त तापलं की बोल्टांनी घट्ट धरलेलं हेड फुगायला जागा शोधतं आणि वाकतं. हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट मागच्या बाजूला दबलं, पाण्याच्या वाटेतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं तेच पाणी, ऑइलमध्ये उतरलं. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर धड थर धरत नाही, आणि बेअरिंगचं मऊ अस्तर हळूहळू खाल्लं जातं. प्लास्टिकच्या एका चिरेपासून क्रँकशाफ्टपर्यंत अशी ही साखळी.

आणि सगळा त्रास चौथ्या सिलिंडरपाशी का एकवटला, यालाही कारण आहे. ते कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. हे इंजिन मुळात माझ्दाच्या ३२३ सारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसतं आणि गरम पाणी हेडच्या एका टोकाकडून बाहेर पडतं. एमएक्स-५ मध्ये तेच इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलं. आता ते टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, टेकायला आलं. म्हणून पाण्याची बाहेर पडायची वाट पुढे आणली. पाणी पुढूनच आत शिरतं आणि पुढूनच बाहेर पडतं, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला थंडाव्याचा हिस्सा कमी येतो. रोजच्या चालवण्यात हे कधी जाणवत नाही आणि लाखो गाड्या अशाच सुखानं धावल्या. पण पाणी कमी पडलं की आधी कोण भाजणार, हे तिथे ठरून गेलेलं असतं. ट्रॅकवर चालवणारे लोक म्हणूनच पाण्याची वाट पुन्हा मागे नेतात. त्या बदलाचं तयार सामानही मिळतं.

हे सगळं कळल्यानंतर "बदलायचं का?" या प्रश्नाला निराळा अर्थ आला. समजा मी जुनं चालू इंजिन आणून बसवलं असतं आणि रेडिएटर तसाच ठेवला असता. तीच चीर, तेच पाणी, तोच चौथा सिलिंडर. फक्त बळी दुसऱ्या इंजिनाचा. जुन्या इंजिनाच्या जागी जुनंच इंजिन घालणाऱ्यांच्या बाबतीत मी हे होताना पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं. तेही इंजिन चांगलं असतं.

बदलायच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मान राखून एक सांगते. वापरलेलं इंजिन घेताना त्याचा इतिहास आपल्या हाती नसतो, पण काही गोष्टी ते स्वतः सांगतं. १.६ च्या अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं नाक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट आवळला गेला नसला तर पुली हलायला लागायची आणि तिला जागेवर धरणाऱ्या किल्लीची खाच झिजायची. १९९१ च्या सुमारास नाक लांब आणि जाड केलं गेलं. ओळखायची खूण बाहेरूनच दिसते: आखूड नाकाच्या पुलीला चार खाचा, लांब नाकाच्या पुलीला आठ. हुडखाली टॉर्च मारून एवढं मोजलं तरी पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो. कंप्रेशनही मोजून घ्यावं. चांगल्या १.६ मध्ये ते १९० पीएसआयच्या आसपास असतं. आकड्यापेक्षाही चारही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे मी जास्त महत्त्वाचं मानते.

१.८ बसवण्याचा मोहही होताच. १९९३ पासून याच गाडीत १८३९ सीसीचं इंजिन येऊ लागलं. त्याच घराण्यातलं, त्याच माउंटवर बसणारं. पण मग हवा मोजायचं यंत्र वेगळं, कॉम्प्युटर वेगळा, आणि १.६ च्या गाडीचा डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग, लहान आणि नाजूक, तोही पुढेमागे बदलावा लागणार. यापुढचं टोक म्हणजे शेव्हरलेटचं एलएस व्ही-८ हे आठ सिलिंडरचं इंजिन बसवणारे. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. हात थक्क करणारे असतात त्यांचे. तरी मला वाटतं, की ही गाडी ज्यांनी आखली त्यांनी सगळी ताकद वजनाच्या तोलावर लावली होती. गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत एक अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा जातो, तो दोघांना ताठ एकत्र धरतो. पाय दाबताच गाडी लगेच उत्तर देते ती त्यामुळे. इंजिन मोठं केलं की गाडी वेगवान होते, यात वाद नाही. पण मला जी गाडी हवी होती ती आधीच माझ्यासमोर उभी होती.

म्हणून मूळचंच इंजिन बांधायचं ठरलं. ब्लॉक बिडाचा असल्यामुळे हे सोपंही होतं. बिडाचा ब्लॉक पुन्हा बोअर करता येतो, म्हणजे सिलिंडरची भोकं कापून मोठी करता येतात, आणि मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात.

इंजिन खोलणं हा शांतपणे करायचा पंचनामा आहे. क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या प्रत्येक मेन बेअरिंगच्या कॅपवर तिचा क्रमांक आणि पुढची दिशा दाखवणारा बाण असतो. पाचही कॅप ब्लॉकबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, म्हणून तिसऱ्याची कॅप चौथ्याला चालत नाही. प्रत्येक बेअरिंगच्या दोन्ही फाका निघाल्या की त्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं टेबलावर मांडायच्या, पुसायच्याही नाहीत. मी तशा मांडल्या आणि बराच वेळ पाहत राहिले. पहिल्या तीन रॉडच्या फाकांवर करडा, एकसारखा, मंद चमकेचा पृष्ठभाग होता. मधे बारीक उभे ओरखडे, कचरा गेल्याची खूण. चौथ्याची वरची फाक मात्र अर्धी तांबूस. वरचं मऊ अस्तर निघून गेलं होतं आणि खालचा तांब्याचा थर उघडा पडला होता. एका कडेला तोही संपून पोलाद दिसत होतं. मधल्या भागात अस्तर वितळून कडेकडे ढकललं गेलं होतं आणि तिथे त्याचे चपटे थेंब जमले होते. क्रँकच्या त्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, नख फिरवलं तर अडकत होतं. ऑइल पॅनच्या तळाशी बोट फिरवलं, तर बोटावर आलेल्या कणांतून प्रकाशात सोनेरी झळक उठली. ते बेअरिंगचंच चूर्ण.

ते चूर्ण कुठे कुठे गेलं असेल, या विचारानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. बेअरिंगचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. फिल्टर बराच अडवतो, पण बायपास, म्हणजे ऑइलला फिल्टर टाळून जाऊ देणारी झडप, उघडला की तोही सोडून देतो. म्हणून ऑइलच्या प्रत्येक नळीचे दोन्ही टोकांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवायचा. क्रँकच्या आतल्या तिरप्या भोकांतून तार आणि ब्रश घालायचा, द्रावण सोडायचं, हवा मारायची, पुन्हा द्रावण. पंप उघडून आतल्या गिअरवर ओरखडे आहेत का पाहायचे. स्ट्रेनरची जाळी नवीन घ्यायची. हायड्रॉलिक टॅपेट आतून साफ करायचे किंवा बदलायचे, कारण त्यांच्या बारीक भोकांत असा चुरा हमखास बसतो. हे काम दाखवायला काही नसतं. फोटोत चकचकीत पिस्टन येतात, साफ केलेली ऑइलची भोकं कुणी टिपत नाही. पण बांधलेलं इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा गेलं असं जेव्हा ऐकते, तेव्हा माझी पहिली शंका त्या न साफ केलेल्या भोकांवर असते.

मशीन शॉपचं काम मात्र मी पाहत बसले, त्यात हात घातला नाही. क्रँकच्या रॉडकडच्या जर्नलचा व्यास जेमतेम ४५ मिलीमीटर. तो ०.२५ मिलीमीटरनं ग्राइंड केला आणि त्या मापाची जाड बेअरिंग घातली. ब्लॉकला भेगा आहेत का तपासून घेतल्या. बोअर मूळचे ७८ मिलीमीटरचे. पिस्टन हातात येईपर्यंत मिस्त्रींनी बोअरिंगला हात लावला नाही. आधी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजला, मग त्याच्यासाठी बोअर केला. "पिस्टन मोजल्याशिवाय भोक पाडायचं नाही," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. शेवटचं होनिंग, म्हणजे बोअर आतून बारीक घासणं, झालं तेव्हा भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी उमटली. ती शोभेसाठी नसते. त्या रेघांत ऑइल धरलं जातं आणि पिस्टनवरच्या नव्या रिंगा त्यांच्या कडांवर घासून आपलं माप पक्कं करतात. हेड वाकलं होतं, अपेक्षेप्रमाणे. फेस करून सपाट केलं, व्हॉल्व्हच्या बैठका नव्यानं कापल्या, दाबाखाली धरून भेग नाही याची खात्री केली. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही पट्टी ठेवून तपासला. एक बाजू सरळ आणि दुसरी वाकडी असली तर गॅस्केट कितीही चांगलं घाला, धरणार नाही.

जोडणीत मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे बेअरिंगमधली फट मोजणं. प्लास्टिगेज नावाचा मऊ धागा असतो. त्याचा छोटा तुकडा जर्नलवर ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कनं आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि कॅप पुन्हा काढायची. धागा चपटा होऊन रुंद झालेला असतो. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवली की फट कळते. रॉडसाठी ती साधारण ०.०३ ते ०.०७ मिलीमीटरच्या आत हवी. एवढ्याशा फटीत ऑइलचा थर उभा राहतो आणि मिनिटाला सात हजार फेऱ्यांनाही धातू धातूला टेकू देत नाही. चारही रॉड मापात आले तेव्हा मला जो दिलासा वाटला, तो इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही तेवढा वाटला नाही.

हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं, ७६ ते ८१ न्यूटन-मीटरवर. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सगळे सील नवे. या १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, ही या गाडीची मोठी मेहेरबानी. तरी बेल्टवर काटकसर करू नये, कारण तिथवर पुन्हा पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. रेडिएटर अर्थातच नवा, सगळे होजही नवे, आणि मी पाण्याची वाट मागे नेऊन घेतली. तसं न करता मूळची रचनाच ठेवायला हवी, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. २०१७ मध्ये तर माझ्दानं स्वतःच जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या मूळ रूपात उभ्या करून द्यायची योजना जाहीर केली, आणि ते वाचून मी खूप खूश झाले होते. पण माझी गाडी संग्रहालयासाठी नाही. तिच्या चौथ्या सिलिंडरचा इतिहास मला ठाऊक आहे.

सुरू करण्याआधी प्लग काढून ठेवले आणि नुसता स्टार्टर फिरवला. स्पार्क नाही, पेट्रोल नाही, फक्त ऑइल पंपाला काम. काटा बराच वेळ शून्यावर बसून राहिला, मग उचलला गेला आणि वर स्थिर झाला. त्यानंतरच प्लग लावले.

नव्या रिंगांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की बांधलेलं इंजिन सुरुवातीला फक्त अलगद चालवावं. नुसतं आयडलवर तासन्‌तास ठेवलं तर रिंगांना भिंतीवर बसायला दाबच मिळत नाही, आणि होनिंगच्या रेघा चकचकीत होऊन बसतात. मग इंजिन आयुष्यभर ऑइल पितं. त्याला थोडा भार हवा. मध्यम वेगापासून पाय दाबायचा, वेग वाढू द्यायचा, मग पाय पूर्ण उचलून गाडीला इंजिनावर मंदावू द्यायचं. एकाच वेगावर लांब पल्ला नाही, लाल रेघेपर्यंतही नाही. सुरुवातीचं ऑइल साधं मिनरल, आणि ते लवकर बदलायचं.

पहिल्या बदलाला काढलेला फिल्टर मी कापला. पत्र्याचा डबा कडेनं कापायचा, आतला कागद पंख्यासारखा उलगडायचा आणि घडीघडीत पाहायचं. करड्या रंगाची बारीक भुकटी होती, रिंगा बसतानाची. चुंबक फिरवला तर ती चिकटली, म्हणजे लोखंडाची. सोनेरी किंवा तांबूस काही नव्हतं. चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजून वहीत लिहून ठेवलं आहे, गरम इंजिनावरचा ऑइलचा दाबही. पुढच्या ऑइलबदलालाही फिल्टर कापणार आहे, आणि रेडिएटरच्या टाकीचा रंग दर वेळी हुड उघडला की पाहते. आता गिअरबॉक्सचा मागचा सील ओलसर वाटतोय. तो कशानं गळतोय हे आधी शोधायचं आहे.